मामा सेमिनारला बसायचे

मामा पहिल्यांदा आमच्या सेमिनारमध्ये आले ते चहाचा कप घेऊन.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले, उंच, ताठ, आणि एका जागी गप्प बसणं अंगात नसलेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवराही लष्करात, त्याची पोस्टिंग कायम लांब. त्यामुळं कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या घरात बहुतेक वेळ आम्ही दोघंच. मी कराडच्या एका कॉलेजात गणित शिकवायची आणि मामा स्वयंपाक करायचे. त्यांच्या चपात्या फौजेतल्या लंगरासारख्या, एक खाल्ली की जेवण झालं अशा. चहा मात्र फक्कड.

त्या संध्याकाळी मी समोरच्या खोलीत गणिताच्या ऑनलाइन सेमिनारला लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर वीसेक चौकोन, प्रत्येकात एक माणूस. मधल्या मोठ्या चौकोनात परदेशातले एक प्राध्यापक बोलत होते. मामांनी कप ठेवला, सहज पडद्याकडं पाहिलं आणि तिथंच उभे राहिले. प्राध्यापकांच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होता.

"कुठला गाव ह्यो?" मामांनी मोठ्यांदा विचारलं.

माझा माईक चालू राहिला होता. बोलणं थांबलं. मी कपाळाला हात लावला. पण सेमिनार चालवणारे माझे पीएच.डी.चे सर सांगलीचेच होते, त्यांना हसू आवरेना. त्यांनी मामांचा प्रश्न इंग्रजीत करून सांगितला. प्राध्यापक खूश झाले. उठून त्यांनी कॅमेरा खिडकीकडं वळवला आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर साचलेला बर्फ सगळ्यांना दाखवला.

"आमच्या लडाखला असाच पडायचा," मामा म्हणाले. "गाडी सुरू व्हायची न्हाई. इंजनाखाली शेगडी ठेवायला लागायची."

सरांनी हेही भाषांतर केलं. मामांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. त्या दिवसापासून दर गुरुवारी संध्याकाळी मामा सेमिनारला बसू लागले. स्वच्छ शर्ट घालून, केस विंचरून. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. कुणाच्या मागं पुस्तकं किती आहेत, कुणाचं मांजर कीबोर्डवर चढतं, कोण बोलताना डोकं खाजवतं, हे ते बारकाईनं बघायचे आणि नंतर जेवताना मला सांगायचे. कुणी एखाद्या गुरुवारी दिसलं नाही की माझ्याआधी त्यांना काळजी लागायची. "ते मांजरवालं साहेब आज का न्हवतं गं? बरं हाय न्हवं?"

पीएच.डी.ला मी नाव नोंदवलं ते बढतीसाठी. शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती आणि डिग्रीशिवाय पुढं सरकता येणार नव्हतं. सर एका मोठ्या संशोधन संस्थेत उमेदीची वर्षं घालवून, आजारी आईसाठी सांगलीला परत आलेले. इथल्या कॉलेजातल्या संशोधन केंद्रात शिकवत होते. त्यांच्याकडं जाण्याचं खरं कारण एवढंच, की कराडहून सांगलीला एसटी सारखी असते आणि वाटेत आष्ट्याला माझं माहेर लागतं. ते कुठल्या विषयात काम करतात हे मी नीट वाचलंही नव्हतं.

पहिल्याच शनिवारी मी त्यांना विषय विचारला, तर त्यांनी टेबलाच्या खणातून कात्री आणि पुठ्ठा काढला.

"तीन त्रिकोण काप. एक कसाही वेडावाकडा, एक समद्विभुज, एक समभुज."

मी कापले. पुठ्ठ्यात तीन त्रिकोणी भोकं पडली.

"आता एकेक त्रिकोण आपापल्या भोकात परत किती तऱ्हांनी बसतो बघ. फिरवायचा, उलटा करायचा, सगळं चालेल."

वेडावाकडा एकाच तऱ्हेनं बसला. समद्विभुज उलटा करूनही बसला, म्हणजे दोन. समभुज मी फिरवत राहिले, उलटून पुन्हा फिरवत राहिले. सहा.

"समज, जगातल्या सगळ्या त्रिकोणांचा एक नकाशा करायचाय," सर म्हणाले. "एका आकाराला एक ठिपका. साध्या नकाशात तुझे हे तिन्ही त्रिकोण म्हणजे तीन सारखे ठिपके. समभुज सहा तऱ्हांनी स्वतःवर बसतो, ही गोष्ट नकाशा विसरून जातो. आणि तो विसरला की पुढं आपले हिशेब चुकतात. ज्या नकाशातला प्रत्येक ठिपका आपापल्या सममिती लक्षात ठेवतो, तो स्टॅक. तुझ्या कामात त्रिकोणांऐवजी समीकरणांतून येणारे वक्र असतील, म्हणून बैजिक स्टॅक. आवडेल?"

मी हो म्हणाले. परतीच्या एसटीत ते त्रिकोण पर्समधून काढून मी पुन्हा फिरवत बसले. शेजारची बाई माझ्याकडं बघून जरा सरकून बसली.

घरी मामांना ते फार आवडले. ओट्याशी कुकरची शिट्टी होईपर्यंत तेही समभुज फिरवत बसायचे. पण सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त फौजींच्या टोळक्यात त्यांनी सुनेचा विषय सांगितला आणि तोंड पाडून परत आले.

"तिरकोन तर सातवीतच आसत्यात म्हनं," ते म्हणाले. "त्यावर कशाला पीएच.डी. लागती, म्हनून हसत होती समदी. तुजं काय मोठं आसंल ते सांग मला. उद्या सांगतो त्यास्नी."

मी सांगितलं, "बैजिक स्टॅक." मामांनी ते चार-पाच वेळा म्हणून घटवलं. दुसऱ्या दिवशी छाती काढून परत आले. कुणालाच काही कळलं नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना ते भारी वाटलं होतं.

अशी काही वर्षं गेली. पेपर तपासायचे, वर्ग घ्यायचे, शनिवारी सांगली, गुरुवारी सेमिनार. बढतीचं मी केव्हा विसरले ते मलाच आठवत नाही. हळूहळू माझ्याकडं एक प्रमेय तयार झालं. विशिष्ट प्रकारच्या स्टॅकवर काही रचना किती तऱ्हांनी बसू शकतात, ते मोजायचं एक सूत्र. सूत्र छोटं आणि देखणं होतं. सर म्हणाले, आता सेमिनारमध्ये तूच बोल.

त्या गुरुवारी मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी साडी नेसले. तासभर बोलले आणि बरं बोलले. शेवटी एका चौकोनातून एक तरुण मुलगी हात वर करून म्हणाली, "फार छान झालं. एकच विचारते. कॅरॅक्टरिस्टिक तीन असेल तर हे कसं चालतं?"

हे जरा सांगायला हवं. घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो, तसं तीनपाशी आल्यावर पुन्हा शून्य होणारं एक अंकगणित असतं. तीन म्हणजेच शून्य. त्या अंकगणितात काही वक्रांना इतरत्र नसतात अशा जादा सममिती फुटतात. माझ्या सिद्धतेत एक पायरी अशी होती, की तिथं सममितींच्या संख्येनं भागायचं होतं. आणि तीन म्हणजे शून्य असेल, तर तीननं कसं भागणार?

पडद्यावरची ती पायरी मला जणू पहिल्यांदाच दिसत होती. मुलगी बिचारी ओशाळली. सर म्हणाले, "आपण बघू आणि कळवू." सेमिनार संपला. मामांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं ठेवला.

"काय झालं?"

"चुकलंय मामा. सगळं नाही, पण चुकलंय."

"गाडी पार बंद पडली का नुसती पंक्चर?"

"कळायचंय अजून."

मामा उठले. आत जाऊन त्यांनी पिठलं केलं.

सरांनी मार्ग सांगितला. "दोनशीही हीच अडचण येणार. दोन आणि तीन वगळून टाक. तसं गृहीतक वर लिही. बाकी सगळीकडं सूत्र खरं आहे. प्रबंध होतो, परीक्षक काही बोलणार नाहीत." पुष्कळजण असंच करतात आणि त्यात गैर काही नाही. मी ते गृहीतक लिहिलंही. पण पानावर ती ओळ दिसली की माझं मन उडायचं. प्रबंध उघडायचा, तीच ओळ वाचायची आणि बंद करायचा, असं होऊ लागलं. कॉलेजातून आले की टीव्हीपुढं बसायची. गुरुवारी डोकं दुखतंय म्हणायची. मग मामा एकटेच सेमिनारला बसायचे आणि कोण कोण आलं होतं ते मला सांगायचे.

एके दिवशी ते म्हणाले, "सुट्टी टाक. माझ्या भनीकडं मेंढरांची कातरन हाय. जाऊन यू."

मामांचं मूळ गाव आटपाडीच्याही पुढं, माणदेशात. घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. मामा फौजेत गेले, पण त्यांची थोरली बहीण तिथंच दिली होती आणि त्यांच्या घरात अजून शे-दोनशे मेंढरं होती. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. मामांनी आपली जुनी जीप काढली. विट्याच्या पुढं ऊस मागं पडला, माळ लागला, आकाश मोठं झालं आणि मला भूक लागली. बऱ्याच दिवसांनी नीट भूक लागली होती.

आत्यांनी मला बघितल्या बघितल्या विचारलं, "ही आशी वाळली का रं? जेवाय घालत न्हाईस व्हय?"

"गनितानं वाळलीया," मामा म्हणाले.

आत्यांनी हुलग्याचं माडगं केलं होतं. दाट, गरम, वर लसणाची फोडणी. मी दोन वाट्या प्यायले. मग पुरुष माणसं कातरायला बसली. मेंढराचे पाय धरायचे, कातरी चालवायची, लोकरीचा आख्खा थर सोलल्यासारखा बाजूला पडायचा आणि खालून लाजल्यासारखं दिसणारं बारकं मेंढरू उठून पळायचं. मला कातरी कुणी हातात देईना. लोकर गोळा करायला गेले, तर आत्यांच्या सुना म्हणाल्या, तुम्ही बसा बाई. तिथं फोनला रेंज नव्हती. पुस्तकं मी आणली नव्हती. पर्समध्ये कॉलेजच्या कोऱ्या उत्तरपत्रिका होत्या. लिंबाखाली बाज टाकलेली होती, तिच्यावर बसून मी सहजच एक समीकरण लिहिलं.

y² = x³ − x.

घरी असते तर मी अशा वेळी संगणकावर कुणाचा तरी लेख उघडला असता आणि त्यात हरवले असते. इथं लेख नव्हता. म्हणून सगळ्यात साधा वक्र घेतला आणि हातानं करू लागले. तीन म्हणजे शून्य. आता x च्या जागी x + 1 ठेवायचं. (x + 1) चा घन केला, तर मधली दोन्ही पदं तीनच्या पटीतली. म्हणजे शून्य, गेली. राहिलं x³ + 1. त्यातून x + 1 वजा केलं. एक आणि एक गेले. पुन्हा x³ − x.

वक्र एका घरानं सरकवला आणि तो होता तसाच राहिला. पुन्हा सरकवला, पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा सरकवला की आपण मुळात जिथं होतो तिथं. हे पुस्तकात मी कितीदा तरी वाचलं होतं, पण हातानं कधी केलं नव्हतं. मला हसू आलं.

मग पुढं करत गेले. या वक्राच्या एकूण सममिती बारा. तो बारांचा गट दोन भागांतून बनतो, एक तीनचा आणि एक चारचा. चारच्या भागाशी माझं सूत्र मजेत नांदत होतं. खोडी सगळी त्या तीनच्या भागाची, या सरकण्याची. म्हणजे सगळं वगळायची गरज नव्हती. हा तीनचा भाग वेगळा काढून त्याचा हिशेब वेगळा केला, तर सूत्रात एक जादा पद यायला हवं. ते पद मोजता येईल का? मी उत्तरपत्रिकेचं पान उलटलं.

ऊन सरकलं तशी आत्यांनी बाज मला न उठवताच सावलीत ओढली. बाजरीची भाकरी आणि खर्डा मांडीवर आणून ठेवला. मी लिहीतच होते.

"कागद सपत आला का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"आत्या, मिळालं बहुतेक."

"काय हारवलं हुतं?"

"तीन."

त्यांनी मामांकडं बघितलं. मामा कातरी हातात धरूनच उठून आले, अंगभर लोकर चिकटलेली. "पंक्चर व्हती न्हवं?" त्यांनी विचारलं.

"पंक्चरच होती," मी म्हणाले. मामांनी आनंदानं आरोळी ठोकली. दोन मेंढरं बिचकून सुटली आणि त्यांना धरायला सगळ्यांना माळावर पळावं लागलं.

ते 'बहुतेक' पक्कं व्हायला पुढं बरेच महिने लागले. सरांनी प्रत्येक ओळ तपासली, दोनदा माझी चूक काढली आणि दोन्ही चुका दुरुस्त झाल्या. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या तीनवरच उभं राहिलं. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी ते पाठवलं, तर तिचं उलट टपाली उत्तर आलं. उत्तरात उद्गारचिन्हंच जास्त होती. दोन मात्र मला जमला नाही. तो गृहीतक लिहून वगळावाच लागला.

प्रबंध गेला, परीक्षकांचे अहवाल आले आणि खुल्या मौखिक परीक्षेची तारीख ठरली. त्याचं परिपत्रक मी मामांच्या फोनवर पाठवलं आणि वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, 'सदर परीक्षा सर्वांसाठी खुली आहे.' प्रत्येक परिपत्रकात ती असते. प्रत्यक्षात येतात ते विभागातले चार शिक्षक आणि ज्यांचं पुढच्या वर्षी आहे ते दोन विद्यार्थी.

मामांनी मात्र ती ओळ मनावर घेतली. मला न सांगता त्यांनी परिपत्रक सगळीकडं धाडलं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही मामांच्या जीपनं पहाटे निघून सांगलीला पोचलो. मला काही खाववलं नाही. केंद्रात पाऊल टाकलं तर सर फोनवर घाईघाईनं बोलत होते. बाहेरचे परीक्षक बंगलोरहून गाडीनं मिरजेला उतरणार होते आणि त्यांना आणायला जाणारी कॉलेजची मोटार सुरूच होत नव्हती.

"आपुन जातो की," मामा म्हणाले.

सर घुटमळले. परीक्षार्थीच्या घरच्यांनी परीक्षकांना आणायचं हे काही बरोबर नव्हतं. पण रेल्वे वेळेवर होती आणि दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

"मामा, एक अट," सर म्हणाले. "तुम्ही कोण ते सांगायचं नाही. हिच्या कामाबद्दल एक शब्द नाही. नुसती गाडी चालवायची."

मामांनी टाचा जुळवल्या. "ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

तासाभरानं ते परत आले. परीक्षकांना त्यांनी पाहुण्यांच्या खोलीत सोडलं. मी जिन्यात गाठून विचारलं, "मामा, कसे आहेत? काही बोलले का?"

"ऑर्डर हाय," असं म्हणून मामा मिशीत हसले आणि चालते झाले.

अकरा वाजता मी सभागृहाचं दार उघडलं आणि दारातच थबकले. सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला मलकापूरचे फिरायला जाणारे फौजी, ब्लेझर घालून. दुसऱ्या बाजूला आत्या, त्यांच्या सुना, मुलगे, भाऊबंद. फेटे, घोंगड्या, एक तान्हं मूल. एरवी सीटवर प्रवासी नेणारी वडापची आख्खी जीप भाड्यानं करून माणदेशातून आली होती मंडळी. नेहमीचे चार शिक्षक मागं भिंतीशी उभे होते, त्यांना खुर्ची उरली नव्हती. आणि पहिल्या रांगेत मधोमध मामा. निळा ब्लेझर, छातीवर पदकं.

परीक्षक आत आले. चष्मा लावलेले, शांत, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी सभागृहाकडं बघितलं. मग मामांकडं बघितलं. चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला.

"आप... सुबह गाडी आप ही चला रहे थे ना?"

"जी साब."

परीक्षकांनी सरांकडं पाहिलं. सर छताकडं बघू लागले.

मी बोलायला उभी राहिले. इंग्रजीत सुरुवात केली, पण समोर आत्या इतक्या मन लावून ऐकत होत्या की मला राहवेना. मधून मधून मराठीत सांगत गेले, पुठ्ठ्याचे त्रिकोणही दाखवले. परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणावर भरपूर विचारलं. अवघड होतं, पण त्या कागदांवरचं प्रत्येक पाऊल मी स्वतः टाकलेलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि दोनचं काय?"

"जमलं नाही," मी म्हणाले. "तिथं सममिती चोवीस आहेत. त्यातला त्रास देणारा भाग असा आहे, की एकामागून एक गोष्टी कुठल्या क्रमानं करता त्यावर उत्तर बदलतं. माझी पद्धत तिथं तुटते. कशानं सांधेल ते मला अजून माहीत नाही."

त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. मग रीतीप्रमाणं श्रोत्यांकडं वळून विचारलं, कुणाला काही प्रश्न? या वाक्यानंतर कुणी काही विचारत नाही. मामा उभे राहिले.

"साब, एक पूछना था. ये काम पहले किसी ने नहीं किया, ये आपको कैसे मालूम?"

परीक्षक जरा विचारात पडले.

"पूरा पक्का तो मालूम नहीं होता," ते म्हणाले. "हम पढ़ते हैं, ढूँढते हैं, दूसरों से पूछते हैं. मैंने बहुत ढूँढा. नहीं मिला. फिर भी थोड़ा डर तो रहता है." मग त्यांनी विचारलं, "लेकिन आप हैं कौन?"

"इनका ससुर, साब. सुबह ऑर्डर था, इसलिए नहीं बताया."

आधी सगळं फौजी टोळकं हसलं, मग परीक्षक स्वतः. तेवढ्यात आत्यांनी बसल्या जागेवरून आवाज दिला. "आवं सायेब, लय इच्यारलं आता. पोरगी सकाळधरनं उपाशी हाय." सरांनी ते इंग्रजीत करून सांगितलं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं, बंद दाराआड सरांशी पाचेक मिनिटं बोलले आणि बाहेर येऊन मला पहिल्यांदाच 'डॉक्टर' म्हणाले. टाळ्यांच्या आवाजानं ते तान्हं मूल रडायला लागलं.

गडबड शमल्यावर मामा माझ्याजवळ आले.

"सकाळी गाडीत फोनवर कुनाशी तरी बोलत हुतं सायेब," ते हळूच म्हणाले. "तिसरं चॅप्टर ब्युटिफुल हाय म्हनलं. ब्युटिफुल मला कळतंय."

"मामा! मग जिन्यात सांगायचं ना! माझा जीव जात होता."

"ऑर्डर मोडायची व्हय?"

परीक्षकांची परतीची गाडी संध्याकाळची होती. आत्यांनी त्यांना सोडलं नाही. सगळ्यांबरोबर ते कृष्णेच्या घाटावर आले, गणपतीच्या देवळात आले, भडंग खाल्लं आणि तिखट लागून डोळे पुसत हसले. फौजी मंडळी त्यांना लडाखच्या गोष्टी सांगत होती. मामांनीच त्यांना मिरजेला सोडलं. या खेपेला ऑर्डर नव्हती, तेव्हा वाटेत काय काय बोलले असतील ते मी विचारलं नाही.

माझे आई-वडील परीक्षेला येऊ शकले नव्हते. नेमकी त्याच दिवशी उसाला तोड आली होती. तोडणी मजुरांची टोळी दारात आलेली असताना रान सोडून कसं जाणार? म्हणून परतताना आम्ही आष्ट्याला थांबलो. मागोमाग वडापची जीपही वाट वाकडी करून आली. आई अंगणात चूल मांडून बसली होती, भाकऱ्यांची चवड लागलेली. वडील रानातून नुकतेच आले होते, अंगाला पाचटाचा वास. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं.

"झालं?"

"झालं की!" मामा म्हणाले. "लय झ्याक झालं. बसा, सांगतो."

आणि ते सांगायला बसले. बर्फापासून सुरुवात केली. मी ताट घेतलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. आत्या माझ्या ताटाकडं बघत होत्या, त्यांनी आईला खूण केली आणि आईनं तव्यावरची चौथीही माझ्याच ताटात टाकली. मामा मोटार बंद पडल्याच्या जागेपर्यंत आले होते. वडील पुढं सरकून ऐकत होते.